पहिली वेलांटी

९ जानेवारी

दादा,

‘पत्र लिहिण्यास कारण की’ अशी सुरुवात केली असती, तर कारण यायच्या आधीच तू कागदाची घडी घालून ठेवून दिली असतीस. म्हणून कारण आधी लिहिते. बाबांची साक्ष उघडत नाही. ती उघडायला जे वाक्य लागतं ते तुझ्याकडे आहे.

हे पत्र आईच्या हाती देते आहे. तुझा फोन कारखान्याने दिलेला आहे आणि त्यावर आलेलं आणखी कोण वाचतं हे मला माहीत नाही. तुलाही नसेल. वहिनीने वाचलं तर चालेल.

हॉस्पिटलच्या जिन्यात तू म्हणाला होतास, “एका मरत्या माणसाला कॅमेऱ्यापुढे बसवलंस, तुझी नोकरी चकचकीत दिसावी म्हणून.” त्यानंतर आपण बोललो नाही. त्याचं उत्तर मी इथे देणार नाही. ते द्यायला लागले तर मागायचं राहून जाईल.

आमचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि एक खोकणारा पंखा, एवढंच तुला ठाऊक आहे. कारखान्यात गारगोटी दळून ज्यांच्या फुप्फुसात ती भुकटी बसली, ती माणसं इथे येतात. आता बऱ्याचदा त्यांच्या बायकाच येतात, एकट्या. वकीलबाई त्यांचे दावे लढवतात. एक्स-रे, रिपोर्ट, साक्षी हे सगळं यंत्रात घालून कुलूपबंद ठेवणं हे माझं काम. फेब्रुवारीच्या मध्याला मोठी सुनावणी आहे. कारखान्याचं म्हणणं एकच आहे: आम्ही मास्क रोज देत होतो, ही माणसं घालत नव्हती. ते खोटं आहे हे गिरणीघराच्या मुकादमाइतकं कोणाला माहीत असणार? आणि मुकादम आपले बाबा होते.

त्यांची साक्ष झाली त्या दिवशी तू आला नव्हतास. डॉक्टरांनी बाबा शुद्धीत असल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलं, वकीलबाईंनी तारीख सांगितली. मग बाबा म्हणाले, “आता सगळ्यांनी बाहेर जा. मी एकटा बोलतो.” मलाही काढलं. नंतर मी ती फाइल न बघता त्यांच्यासमोरच बंद केली आणि कॅमेऱ्यातली मूळ प्रत पुसून टाकली. बंद करताना दोन कुलुपं घातली, एकात एक. बाहेरचं केंद्राचं, ते मी आणि वकीलबाई उघडू शकतो. आतलं बाबांचं. त्याचं वाक्य त्यांनी स्वतः टाइप केलं, मला तोंड भिंतीकडे करायला लावून.

मी म्हटलं, “बाबा, निदान मला तरी सांगून ठेवा.”

तर म्हणाले, “तुला सांगितलं की तू लिहून ठेवशील. त्याला सांगतो. तो विसरत नाही आणि बोलत पण नाही.”

तू शेवटचा भेटायला आलास तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये होते. त्यांनी तोंडावरची नळी बाजूला करून तुझ्या कानाशी काहीतरी सांगितलेलं मी पाहिलं. ते वाक्य हवं आहे. कागदावर लिहू नकोस, फोनवर सांगू नकोस. आईजवळ तोंडी दे.

तुझी,
तपासनीस

(हे नाव तूच ठेवलंस. दुसरं काय लिहावं सुचलं नाही.)


१७ जानेवारी

दादा,

उत्तर आलं नाही, पण आईने तुझं एक वाक्य आणलं. “असलं कसलं कुलूप केलंय तिने, की तिलाच उघडत नाही?” आई सांगताना हसली. मी नाही हसले, कारण वकीलबाईही आता तेच विचारतात, फक्त शिकलेल्या भाषेत. परवा त्या माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, “एक जादा किल्ली ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं गं? तुझं कुलूप इतकं चांगलं आहे की मलाच चोर असल्यासारखं वाटायला लागलंय.” तेव्हा होकार त्यांनीच दिला होता. पण त्याची आठवण मी करून दिली नाही.

तू विचारलंयस, तर सांगते. मलाही कोणाला तरी सांगायचं आहे.

मी लागले तेव्हा केंद्रात सगळ्या फाइलींना एकच पासवर्ड होता, आणि तो कीबोर्डाच्या खाली चिठ्ठीवर चिकटवलेला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याने कीबोर्ड उचलला की तो दिसायचा. तुमच्याकडचा तो पंपावरचा माणूस आठवतो? लांब मानेचा, सारखा शिट्टी वाजवायचा. त्याने आमच्याकडे साक्ष दिली. पुढच्याच आठवड्यात तिची छापील प्रत मॅनेजरच्या टेबलावर होती. त्याचं क्वार्टर गेलं, तो गेला, कुठे गेला कोणाला माहीत नाही. कुलूप कोणी फोडलं याची खूप चौकशी झाली. मला वाटतं, फोडावं लागलंच नसेल.

त्यानंतर वकीलबाई म्हणाल्या, “तू यातलं शिकलीयेस. आता चांगली पद्धत तूच निवड.” आपल्या घरात शाळा पूर्ण केलेली मी पहिली, म्हणून घरचे सगळे कागद माझ्याकडे येतात. केंद्रात आले तर इथेही तेच. मला झोप लागेना. चुकलं तर आणखी एकाचं क्वार्टर.

तू स्टोअर सांभाळतोस, तर तुझ्या हिशेबाने सांगते. पहिली पद्धत म्हणजे अख्ख्या यंत्राला कुलूप. गोदामाचं शटर खाली ओढावं तसं. यंत्र बंद असताना कोणी उचलून नेलं तर त्याच्या हाती काही लागत नाही. पण आमचं यंत्र दिवसभर चालू, म्हणजे शटर वर. आणि एकदा आत शिरलं की कपाटं सताड उघडी. ते मी केलंच, पण त्यावर थांबता येत नव्हतं.

दुसरी पद्धत मला फार आवडली होती. तिच्यात दोन किल्ल्या असतात. एक बंद करायची, ती कोणालाही वाटून टाकता येते. उघडायची दुसरी, ती एकाकडेच. म्हणजे बाहेरगावचा डॉक्टर रिपोर्ट बंद करून पाठवू शकतो, पण बंद केल्यावर तो त्यालाही उघडत नाही. रिपोर्टसाठी मी अजून तीच वापरते. पण साक्षींसाठी ती उघडायची किल्ली ठेवायची कोणाकडे? वकीलबाईंकडे. तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, “उद्या मला कोणी खुर्चीत बसवून विचारलं, तर मी किती वेळ गप्प बसेन हे मला माहीत नाही. माझ्याकडे सगळ्यांचं नको ठेवूस.”

म्हणून तिसरी. प्रत्येकाची साक्ष त्याच्या स्वतःच्या वाक्याने बंद, वर केंद्राचं कुलूप. केंद्र एकटं उघडू शकत नाही, माणूसही एकटा उघडू शकत नाही. वाक्य चुकीचं घातलं तर ते यंत्र मुद्दाम वेळ लावून ‘नाही’ म्हणतं, म्हणजे अंदाजाने घालत बसणारा दमेल. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ‘नाही’. जवळ आलात की लांब आहात, हेही सांगत नाही. कुलपं बसवायला मदत करणारा माणूस म्हणाला होता, “ताई, तुमच्यापुरती एक वरची किल्ली ठेवा, सगळ्यांवर चालणारी. वेळप्रसंगी लागते.” मी नको म्हटलं. सगळ्यांवर चालणारी किल्ली म्हणजे कीबोर्डाखालची चिठ्ठीच झाली असती.

हे सगळं मी बाबांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे माझी मला.” मी हो म्हटलं. “मग बरंय,” म्हणाले.

टाइप करताना त्यांना फार त्रास झाला. एकेक अक्षर शोधायचे. मी भिंतीकडे तोंड करून उभी, आणि मागून धाप आणि कुरकुर ऐकू येत होती. “पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात ना? हे नंतर का मागतंय?” मी न वळता सांगितलं, आधी अक्षर दाबा, मग वेलांटी, ती आपोआप जागेवर जाते. तेच वाक्य परत एकदा टाइप करावं लागतं, चूक होऊ नये म्हणून. दोन्ही वेळा जुळलं. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता.

त्यांनी लिहायला घेतलं ते दिवस तुला आठवत असतील. मी त्यांना जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर गिरवायला लावायचे आणि लाल पेन्सिल घेऊन बसायचे. तू जाता-येता म्हणायचास, “बाबा, जपून. ही तपासनीस बापाला पण नापास करेल.”

आता मी रोज दुपारी दार लावून वाक्यं घालून बघते. आपल्या गावाचं नाव, आईचं माहेरचं नाव, त्यांच्या आईचं, तुझ्या मुलीचं. मोठाली, शहाणी वाक्यंही घातली, बापाने मागे ठेवून जावीत अशी. यंत्र दर वेळी तेवढाच वेळ लावून नाही म्हणतं.

एक जादा किल्ली ठेवली असती तर आज हे लिहावं लागलं नसतं. आणि जादा किल्ली ठेवली असती तर बाबा बोलले नसते, असंही वाटतं. या दोन्हींमध्ये मी अडकून पडले आहे. तू ठरव म्हणत नाही. वाक्य तेवढं दे.

तुझी,
तपासनीस


२४ जानेवारी

दादा,

दोन पत्रं झाली आणि जे पहिल्यात लिहायला हवं होतं ते मी दोन्हींत लिहिलं नाही. विसरले नव्हते. लिहिलं तर तू देणार नाहीस म्हणून लिहिलं नाही.

त्या साक्षीत तुझं नाव असू शकतं.

तपासणीचे साहेब यायचे त्या सकाळी गिरणीघरात मास्क वाटले जायचे आणि साहेबांची गाडी फाटकाबाहेर पडली की परत गोळा व्हायचे. हे मला केंद्रात कोणी सांगितलेलं नाही. आपल्याच घरात, जेवताना ऐकलं आहे. तू म्हणाला होतास, “नव्याचे नवे पेटीत परत. घडी पण मोडत नाही.” तू हसलास, बाबाही हसले. मी तेव्हा परीक्षेचा अभ्यास करत होते आणि मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. पेटी स्टोअरची. स्टोअर तुझं.

बाबा आत काय बोलले मला माहीत नाही. पण सगळ्यांना बाहेर काढून, धाप लागलेली असताना ते इतका वेळ बोलत होते, तर मास्कबद्दलच बोलले असणार. मास्कबद्दल बोलले, तर ते कोण वाटत होतं हे टाळून कसे बोलतील? बाबांना टाळून बोलता यायचं नाही.

मी वकीलबाईंना विचारलं. नाव न घेता विचारलं, पण त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, “असेल तर असेल. तो नोकर होता, मालक नव्हता, हे मी न्यायालयात ओरडून सांगेन. पण वचन मी कोणालाच देत नाही, तुझ्या भावालाही नाही.” मग म्हणाल्या, “हे तू त्याला कळवायलाच हवं असं नाही.”

तर कळवते आहे. तू वाक्य दिलंस तर तुझी नोकरी जाऊ शकते, क्वार्टर जाऊ शकतं, आणखीही काही होऊ शकतं. नाही दिलंस तर त्या बायकांचा दावा बहुतेक उभा राहत नाही. त्या सकाळपासून येऊन बाकावर बसतात. एकीने काल मला विचारलं, “तुझ्या बाबांचं उघडलं का गं?” जणू एखादं दुकान उघडायचं राहिलं आहे. मी म्हटलं, अजून नाही. ती म्हणाली, “उघडेल. चांगला माणूस होता, ओरडायचा फार.”

मी वाक्य परत एकदा मागते. आधीच्या दोन मागण्या धरू नकोस, त्या अर्धवट होत्या. हे वाचून, वहिनीशी बोलून, मग काय ते कर. नाही म्हणालास तर मी चौथं पत्र पाठवणार नाही आणि आईला मध्ये घालणार नाही.

बहीण


२ फेब्रुवारी

दादा,

आई दुपारी आली. चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, “पाठ करत आलेय, मध्ये बोलू नकोस. तो म्हणाला, आई, जसंच्या तसं सांग. मी म्हटलं, मी काय पोपट आहे? तर हसला बरं का.” मग तिने वाक्य सांगितलं. सांगून झाल्यावर तिचं तिलाच हसू आलं, आणि मग तिने तोंडावर हात धरला. इतकं रोजचं वाक्य होतं, आणि मी जगभरचं शहाणपण घालून बघत होते.

मी धावत केंद्रात गेले. बाहेरचं कुलूप उघडलं. वाक्य घातलं. यंत्राने वेळ घेतला.

नाही.

परत घातलं. प्रश्नचिन्ह लावून, न लावता. मध्ये स्वल्पविराम देऊन. शब्द जोडून, तोडून. वकीलबाई मागे उभ्या होत्या. दार उघडं होतं आणि बाकावरच्या बायका उठून दाराशी आल्या होत्या. शेवटी वकीलबाईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “राहू दे आता.”

तू देशील किंवा देणार नाहीस, या दोन्हींची माझी तयारी होती. खोटं देशील याची नव्हती. आणि तेही असं निवडून, की ऐकताच मला खरं वाटावं, आईला रडू यावं. एवढं करायची गरज नव्हती दादा. ‘नाही’ म्हणायला तुला यंत्र कशाला लागलं?

हे पत्र घेऊन आई आत्ताच परत निघते आहे. तिला आत काय आहे ते सांगितलेलं नाही.


३ फेब्रुवारी

दादा,

कालचं पत्र तू वाचलं असशील. मी आईच्या मागे बसथांब्यापर्यंत गेले असते तर ते परत घेता आलं असतं. गेले नाही, कारण मला ते तुला लागावं असंच वाटत होतं. ते आता परत घेता येत नाही, तर पुढचं ऐक.

आज सकाळी एका आजारी माणसाचा रिपोर्ट टाइप करत होते. त्यात ‘क्ष-किरण’ असा शब्द आहे. क दाबला, मग पहिली वेलांटी, आणि ती उडी मारून क च्या डावीकडे जाऊन उभी राहिली. हे मी दिवसातून शंभर वेळा बघते. आज बघितलं आणि हात थांबले. मागे भिंत, धाप, कुरकुर. ‘पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढतात ना?’

तू पाठवलेल्या वाक्यात पहिली वेलांटी कुठेच नाही. नीट लिहिलं तर दोन्हीकडे दुसरी येते. शब्दाच्या शेवटी दुसरी, हे शाळेतलं पहिल्या आठवड्यातलं. मग बाबा कोणत्या वेलांटीशी भांडत होते?

दादा, तोंडी आलेल्या वाक्याला ऱ्हस्व-दीर्घ नसतं. तू बरोबर सांगितलंस, आईने बरोबर आणलं, आणि टाइप करताना मी ते सुधारलं. न विचारता. माझ्या बोटांना ते सुधारल्याचं कळलंसुद्धा नाही. यंत्राला तुझं माझं उच्चारणं ऐकू येत नाही. त्याला दोन वेलांट्या म्हणजे दोन वेगळी अक्षरं. बाबांनी कुलूप घातलं होतं त्यांच्या अक्षरांनी, आणि मी त्यांच्या कुलपात माझी किल्ली फिरवत बसले आणि तुला खोटारडा म्हटलं.

कॅलेंडरच्या मागे मी किती वेळा लाल खूण केली असेल. ते ऐकून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी परत पहिलीच द्यायचे. एकदा मी चिडले तर म्हणाले, “अगं, पहिलीच बरी. अक्षराच्या पुढं उभी राहते, आडोसा धरून. दुसरी मागं राहून काय करणार? भुकटी पुढून येते.” तू तिथेच होतास. तू म्हणालास, “बाबा, उत्तर बरोबर, मार्क शून्य.”

वकीलबाईंना बोलावलं, दार लावलं, आणि घातलं. आता त्या वाक्याने काहीच उघडत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही:

कडि लावलि का परत एकदा बघ

लिहितानाही हात अडखळतो. यंत्राने वेळ घेतला आणि ते उघडलं.

आधी नुसती भिंत दिसते. मग बाबा पुढे झुकतात. नळी हनुवटीवर ओढलेली. दाराकडे बघून म्हणतात, “गेले का सगळे? बरं.” आणि बोलायला लागतात. गिरणीघर, भुकटी, तपासणीचे दिवस, तारखा, कोणाला केव्हा पहिल्यांदा रक्त पडलं ते. सगळं सांगत नाही, ते न्यायालयात ऐकायला येईलच. तुझ्याबद्दलचं मात्र तुला इतरांच्या आधी कळायला हवं, म्हणून जसंच्या तसं उतरवून घेतलं आहे. या वेळी एकही शब्द सुधारलेला नाही.

“मास्क वाटायचं काम माझ्या पोराकडं होतं. संध्याकाळी परत घ्यायचं पण त्याच्याकडंच. मी मुकादम होतो. एकदा पण त्याला बोललो नाही की बाबा, राहू दे, परत नको घेऊ. हसायचो. ते लिहा. त्याच्या नावावर लिहायचं तर आधी माझ्या नावावर लिहा.” मग खोकला. तो बराच वेळ चालतो. वकीलबाईंनी पुढे सरकवू का विचारलं, मी नको म्हटलं. “आणि मी नसेन तर त्याला विचारा. तो सांगेल. त्याला खोटं बोलता येत नाही. बोलला की कान लाल होतात, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.”

काल तुला ते पत्र लिहिलं, आणि हे मी आज ऐकलं.

वकीलबाई म्हणतात, तुला साक्षीला बोलवावं लागेल. मी म्हटलं, हे पत्र पोचेपर्यंत थांबा. त्या थांबल्या आहेत. काय करायचं ते तुझं आहे. मी ये म्हणत नाही आणि येऊ नको म्हणत नाही. आई काल म्हणत होती, वहिनीने तुमचं सामान बांधायला घेतलं आहे. ते पहिल्या पत्रापासूनच घेतलं होतं का, की काल, हे आईला नीट सांगता आलं नाही. मीही खोदून विचारलं नाही.

एक राहिलं. साक्ष परत बंद करायला हवी. न्यायालयाची प्रत वकीलबाईंनी वेगळी काढली आहे. आमच्याकडची मी पुन्हा दोन कुलुपांत घातली आणि जुनी पुसली. बाहेरचं केंद्राचं. आत सध्या माझं वाक्य आहे, तात्पुरतं. ते मी कुठेही लिहून ठेवलेलं नाही, बाबांना खरं वाटलं नसतं. पण ती जागा माझी नाही. ती त्यांनी तुझ्याकडे दिली होती.

न्यायालयाचं काहीही ठरो, एकदा केंद्रात ये. दुपारी मी एकटी असते. पंख्याखालच्या खुर्चीत बस. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहीन. तुला हवं ते वाक्य टाइप कर, दोनदा, दोन्ही वेळा सारखं. वेलांटी पहिली दे, दुसरी दे, कुठेही दे.

मी तपासणार नाही.